डाळिंबी किमोनोच्या बाह्या

नागोया,
९ ऑक्टोबर १९७७

सौ. तोशीवहिनींना किनुएचा सा. न. वि. वि.

नव्या तांदळाचं पोतं आणि पाल्याचं लोणचं काल पोचलं. पोतं उघडताच घरभर ओनोझावाचा वास सुटला. दादाला सांगा, इकडच्या दुकानातला तांदूळ त्याच्या तांदळापुढे नुसता भुसा आहे. लोणच्यात मीठ मात्र जरा सैल हातानं पडलंय हं वहिनी. की आम्ही शहरात राहून मिळमिळीत झालो?

आईची तब्येत कशी आहे? फोनवर तिला ऐकू येत नाही आणि पत्र तिला वाचता येत नाही, म्हणून सगळा भार तुमच्यावर. हे पत्र तिला नीट, शेवटपर्यंत वाचून दाखवा.

आता खरी गोष्ट. आमची मिसाओ विशीची झाली. पंधरा जानेवारीला विशीत आलेल्या मुलामुलींचा समारंभ. आमच्या इमारतीत उन्हाळ्यापासून दुसरा विषय नाही. खालच्या मजल्यावरच्या ओगिसोबाईंनी धाकटीसाठी लांब बाह्यांचा नवा किमोनो शिवायला टाकला, आणि जिन्यात भेटेल त्याला कापडाचा नमुना दाखवत सुटल्या आहेत. मीही एकदा मोठ्या दुकानात जाऊन आले. किमती बघून खाली मिळणारी फुकटची चहाची पेलीही तशीच ठेवून आले. ह्यांचे दोन-तीन पगार एका कापडात, आणि घालायचा किती वेळा? लग्न झालं की लांब बाह्या संपल्या. तुम्हाला माहीतच आहे, मी जुने स्वेटर उसवून तीच लोकर पुन्हा विणते, ह्यांच्या शर्टांच्या कॉलरी उलट्या करून लावते. हा खर्च माझ्या जिवाला सोसवणार नाही.

म्हणून विचारते. आईचा डाळिंबी किमोनो, सारसांचा, तुमच्याकडे कपाटात आहे. आईने तो लग्नात घातला, मग मी माझ्या लग्नात घातला, आणि मुलीबाळींना लागेल म्हणून बाह्या कधी कापल्या नाहीत. तेवढा नववर्षाच्या आधी पाठवलात तर मिसाओ उभी राहील आणि माझा संसारही उभा राहील. घालून झाला की धुऊन-स्वच्छ करून परत पाठवीन.

चिहारुला आशीर्वाद, दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो तांदळासारखा दर वर्षी नवा येऊ द्यावा.

आपली
किनुए

•

ओनोझावा,
२४ ऑक्टोबर

सौ. किनुएवन्संना तोशीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मीठ जपून घालीन. आमच्याकडे बर्फात पाच महिने तेच लोणचं खायचं असतं, ते टिकावं म्हणून हात सैल पडतो. तुम्हाला विसर पडला असेल, बावीस वर्षं झाली की तुम्हाला जाऊन.

शहरातल्या किमती वाचून वाईट वाटलं. आम्हा खेड्यातल्यांना तेवढा प्रश्न पडत नाही, कारण आम्ही काही घेतच नाही. मी नवं कापड अंगाला लावून किती वर्षं झाली आठवत नाही. माझ्या जुन्या सुती युकाताची चिहारुची दुपटी झाली, दुपट्यांची पायपुसणी झाली, आता त्या पायपुसण्यांनी तुमचे दादा नांगर पुसतात. तुम्ही स्वेटर उसवता हे ऐकून बरं वाटलं. वन्संनाही काटकसर जमते म्हणायची.

किमोनोचं म्हणाल तर मी तरी काय सांगू? आमची चिहारुही याच वर्षी विशीची झाली, हे गडबडीत तुमच्या लक्षात आलं नसेल. पंधरा जानेवारीची सुट्टी साऱ्या देशाला एकच. एक किमोनो दोन अंगांवर कसा चढणार? आणि या घरातली नात म्हटली तर चिहारु. मिसाओ मोरितांच्या घरची. तिच्या आजीचंही काही कपाटात असेलच की.

सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा स्वभाव तुम्ही जाणताच.

डोंगराच्या माथ्यावर पहिलं पांढरं दिसू लागलंय. छपराची लाकडं तपासायला हवीत. आपण सुज्ञ आहात, राग मानणार नाही. लोभ आहे तो कपाटात घडी घालून ठेवल्यासारखा राहावा.

आपली
तोशी

•

नागोया,
३ डिसेंबर

सौ. वहिनींना किनुएचा सा. न. वि. वि.

राग कसला मानायचा? घर तुमचं, कपाट तुमचं. मी तर पाहुणी. मोरितांकडच्या माझ्या सासूबाईंचं सगळं युद्धात जळालं, हे तुम्हाला मी तीनदा तरी सांगितलं असेल, पण असो.

आई काही बोलली नाही हे मात्र मनाला लागलं. माझ्या लग्नात तिनेच मला तो नेसवला होता. कमरेची ओबी बांधताना म्हणाली होती, तुझ्या मुलीलाही हाच. मोठ्या माणसांच्या मनातून गोष्टी निघून जातात, दुसरं काय.

तर कळवायला आनंद होतो की आम्ही नवाच घेतला. हलका निळा, खांद्यापासून खालपर्यंत शेवंती. ह्यांचा वर्षाखेरचा बोनस त्यात गेला. ह्यांनी एकदाच विचारलं, की दुकानातून भाड्याने मिळत नाही का? मी म्हटलं, भाड्याने आणलेल्या कपड्यात माझी मुलगी भावाच्या मुलीपुढे उभी करायची नाही. म्हणजे तसं मोठ्यानं म्हटलं नाही, मनात म्हटलं. ह्यांना वाटलं मी ओगिसोबाईंबद्दल बोलतेय.

चिहारुला डाळिंबी शोभेलच. जुना रंग आहे, गव्हाळ रंगावर उठतो. आईला नमस्कार सांगाल तर सांगा.

लोभ असावा. नसल्यास कळवावे.

किनुए

•

नागोया,
२० जानेवारी १९७८

सौ. वहिनींना किनुएचा सा. न. वि. वि.

नववर्षाच्या शुभेच्छा उशिराने. सोबत मिसाओचा फोटो पाठवतेय. मोठ्या स्टुडिओत काढलाय, म्हणून जरा मोठा आहे. तुमच्या भिंतीवर मावेल ना? आईच्या खोलीत लावलात तर तिला रोज नात दिसेल. खांद्यावरची पांढरी फरची शाल बघितलीत का? यंदा सगळ्या मुलींना तीच हवी होती. ओबीची गाठ केशकर्तनालयातल्या बाईंनी पाऊण तास खपून बांधली.

समारंभाच्या दारात लोक थांबून मिसाओकडे बघत होते, हे मी नाही, ओगिसोबाई म्हणाल्या. त्यांना ते म्हणताना किती कष्ट पडले ते मला दिसलं, आणि खरं सांगते वहिनी, त्या क्षणी बोनस वसूल झाला.

आता चिहारुचा फोटो पाठवा. डाळिंबीत कशी दिसली बघायला जीव उतावीळ झालाय. दोन्ही फोटो शेजारी लावीन.

आपल्या फोटोची वाट बघणारी,
किनुए

•

ओनोझावा,
१२ फेब्रुवारी

सौ. वन्संना तोशीचा सा. न. वि. वि.

फोटो पोचला. मावला. मिसाओ छान दिसते, नाक अगदी तुमच्यावर गेलंय, त्याला बिचारी काय करणार? ओबीची गाठ मला जरा वर चढल्यासारखी वाटली, पण शहरात तशीच पद्धत असेल. फरच्या शालीचा केस मात्र गळतो म्हणतात, जपा.

इथे यंदा बर्फ फार. दादा एक दिवसाआड छपरावर चढून बर्फ खाली लोटतात. खालच्या मजल्याच्या खिडक्या कधीच बुजल्या, दिवसासुद्धा दिवा लागतो. पोस्टमन वरच्या मजल्याच्या खिडकीतून पत्र देतो. रस्ता नाही, बस नाही, बाहेर पडायचं तर गुडघाभर पेंढ्याचे बूट. तुमच्या लहानपणी होतं तसंच आहे सगळं.

चिहारुचा फोटो सवडीने. फोटोवाला खालच्या गावात राहतो, सांगितलं ना, बस नाही.

तुमचा फोटो सासूबाईंच्या खोलीत लावलाय. आम्ही तिथेच जेवायला बसतो, ताट वाढलं की बरोबर समोर येतो.

कळावे. लोभ बर्फाखालीही शाबूत असतो, तसाच राहावा.

तोशी

•

नागोया,
२६ एप्रिल

सौ. वहिनी,

आज न. वि. वि. वगैरे काही नाही.

चिहारुचं मिसाओला कार्ड आलं. अक्षर सुंदर आहे पोरीचं, मनही सरळ आहे. तिने लिहिलंय, की तीन मेला आमच्या विशीचा समारंभ आहे, ये ना. जानेवारीत बर्फामुळे कोणाला घराबाहेर पडता येत नाही म्हणून गावात तो मेमध्येच होतो, आता कितीतरी वर्षं. पुढे लिहिलंय, बाबांनी नवा किमोनो घेतला, फिकट जांभळा, खांद्यावर फुलं.

मी ते कार्ड दोनदा वाचलं. मग ऑक्टोबरचं तुमचं पत्र काढून वाचलं. सुट्टी साऱ्या देशाला एकच! हो वहिनी, सुट्टी एकच. समारंभाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. म्हणजे डाळिंबी किमोनो जानेवारीत मिसाओने घालून, धुऊन, इस्त्री करून मार्चमध्ये तुमच्या दारात आला असता. मेमध्ये चिहारुने घातला असता. एक पैसा कोणाचा गेला नसता. त्याऐवजी तो थंडीभर तुमच्या कपाटात झोपला, आणि आम्ही बोनस घालवला, त्यावर तुम्हीही नवा घेतलात. मग मला द्यायला काय हरकत होती? आणि डाळिंबी घालायचाच नव्हता तर मिसाओचा निळा मागायचा. मी दिला असता की नाही ते देव जाणे, पण मागायला तरी हवा होता.

मला तुमचा हेवा वाटत आलाय, आज लिहूनच टाकते. आईच्या उशाशी तुम्ही. आईचं कपाट तुमच्या हाती. माझी पत्रं तिला वाचून दाखवायची की नाहीत तेही तुम्ही ठरवणार. मी तिची पोटची मुलगी, आणि तिच्या एका कपड्यासाठी मी तुमच्यापुढे पदर पसरायचा, वर तुम्ही मला घडी घातलेला लोभ पाठवायचा!

हे पत्र तरी आईला वाचून दाखवा. हिंमत असेल तर.

किनुए

•

ओनोझावा,
८ मे

सौ. वन्संना तोशीचा सा. न. वि. वि.

तुम्ही नाही लिहिलंत तरी मी लिहिते. माझ्या सासरची रीत आहे.

मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. गावचा समारंभ मेमध्ये होतो हे सगळ्या ओनोझावाला माहीत आहे. तुम्ही एकदा जरी वसंतात माहेरी आला असतात तर तुम्हालाही कळलं असतं. पण तुम्ही येता ऑगस्टात, वाडवडिलांच्या दिवसांना. पंखा लावून बसता, शहरातल्या किमती सांगता, आणि जाताना तांदूळ घेऊन जाता.

हेव्याचं म्हणाल तर तो माझाही जुना आहे. मी या घरात आले तेव्हा माझ्या आईने एकच भारी वस्त्र दिलं होतं. किमोनोवर घालायची काळ्या रेशमाची हाओरी, आत मोरपंखी अस्तर. सहा महिन्यांत तुमचं लग्न ठरलं. वर घालायला तुमच्याकडे चांगली हाओरी नव्हती, म्हणून सासूबाईंनी माझी मागितली. नवी सून, नाही कशी म्हणणार? तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, की वहिनीला भाताच्या खाचरात ती लागणार तरी कुठे. आठवतं? ती हाओरी अंगात घालून तुम्ही स्टेशनवर गेलात आणि मी चिखलात. बावीस वर्षं या घरातलं जे जे चांगलं ते तुमच्याकडे जाताना बघितलं. या वेळी वाटलं, एक तरी वस्तू राहू दे. ती कोणी घालावी म्हणून नव्हे. नुसती राहू दे.

आणि राहिली असती. चिहारु आनंदाने डाळिंबीच घालणार होती. पण तुम्ही तो फोटो पाठवलात. चिहारु तीन महिने त्याच्यासमोर जेवली. एकदाही काही बोलली नाही, तेच मला सहन होईना. तो निळा बघता बघता आपला डाळिंबी मला विटका दिसायला लागला. दादांनी भाताच्या नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे मी काढायला लावले. यंदाही ते जुन्याच यंत्राने लावणी करताहेत. पाठ दुखते म्हणतात. हे माझ्या माथी, तुमच्या नव्हे.

ती पांढरी शाल ओगिसोबाईंच्या थोरल्या मुलीची होती, हे मिसाओनेच चिहारुला लिहिलंय. मी कोणाला बोलले नाही.

चिहारुचा फोटो सोबत. मोठा आहे. तुमच्या भिंतीवर मावेल ना?

तोशी

•

ओनोझावा,
१८ जून

चि. सौ. किनुए आणि चि. सौ. तोशी यांना इकुचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते, चिहारु लिहिते. तोशी याच घरात आहे, आत्ता स्वयंपाकघरात भांडी वाजवते आहे, तरी तिलाही पत्रच देणार. चिहारुने दोन प्रती काढल्या आहेत, शब्दाला शब्द सारख्या, म्हणजे एकीला जास्त लिहिलं असं दुसरीला वाटायला नको.

किनुए, तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा तोशी खाचरात होती. चिहारुने ते मला वाचून दाखवलं. मग मी तिला आधीची सगळी काढायला लावली. तिचा आवाज मला नीट ऐकू येतो, ती जवळ बसून सांगते. तोशी, माझ्या कानावर घातलंस असं तू लिहिलंस. मला ऐकू कमी येतं हे खरं, पण कोणी कानाशी आलं तर कळतं.

तुम्ही दोघींनी त्या किमोनोवर एवढी पत्रं लिहिलीत. या घरची नात कोण, त्या घरची कोण, शहर काय, खेडं काय. सगळं ऐकलं. एक गोष्ट कुठेही आली नाही. तो किमोनो माझा होता. मला कोणी विचारलं?

गेल्या ऑगस्टात कपडे वाऱ्यावर टाकले तेव्हाच माझ्या मनात ठरलं होतं. जानेवारीत मिसाओ, मेमध्ये चिहारु. मग दोघींपैकी जिचं लग्न आधी तिने लग्नात घालायचा. तोशीने विचारलं असतं तर तिला सांगितलं असतं. किनुए ऑगस्टात इथेच होती, तिने विचारलं असतं तर तिलाही सांगितलं असतं. आपणहून सांगायला हवं होतं म्हणाल, तर तेही खरं. मला वाटलं, माझी वस्तू आहे, कोणीतरी येईल विचारायला. वाट बघत बसले, आणि माझ्या खोलीत फोटो लागत गेले. आता दोन आहेत. दोन्ही मुली गोड आहेत. दोघींचेही किमोनो मला आवडले नाहीत.

मग मी माझ्या किमोनोचं काय करायचं ते केलं. शिवण उसवायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. सगळे पट्टे धुऊन अंगणात ताणून वाळवले. पलीकडच्या रंगाऱ्याने त्यावर गडद तपकिरी चढवला, म्हाताऱ्या बाईला शोभेलसा. चिहारुने सुईत दोरा ओवून दिला, मी शिवला. टाके वाकडे आहेत. उन्हात उभी राहिले की रंगाखालून सारस अजून दिसतात असं चिहारु म्हणते. तोशी बघून गेली. या ऑगस्टात वाडवडिलांच्या दिवसांना मी तोच घालणार आहे. मी गेले की माझ्या शवपेटीवर तोच पांघरा, म्हणजे वाटणीचा प्रश्न उरायचा नाही.

माझ्या वयाला लांब बाह्या चालत नाहीत, म्हणून रंगवण्याआधीच कापल्या. खालचे दोन्ही तुकडे डाळिंबीच आहेत. एक किनुएला टपालाने पाठवते, एक तोशीच्या उशाखाली ठेवते.

राहिली ती हाओरी. मागितली मी होती, किनुएने नाही, तेव्हा तोशीने राग धरायचा तर माझ्यावर धरावा. पण ती आहे किनुएकडे. किनुए, तू गेली दहा वर्षं ती घातलेली नाहीस, मला माहीत आहे. जिची आहे तिला दे.

माझ्या लेकाची, शोजीची पाठ दुखते. त्याला कोणीही पत्र लिहीत नाही.

दोघींनाही सारखाच आशीर्वाद.

तुमची आई
इकु

•

नागोया,
२ जुलै

सौ. तोशीवहिनींना किनुएचा सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. तुम्हालाही तेच मिळालं असेल. मी चिहारुला फोन करून विचारलं, दोन्ही प्रती खरोखर सारख्या आहेत ना. ती म्हणाली हो.

सोबतच्या पुडक्यात तुमची हाओरी आहे. माझ्याकडे तिला कधी कोणी चिखल लावला नाही, एवढं नक्की. मोरपंखी अस्तर विरलं होतं, तसं पाठवायला लाज वाटली. तो रंग हल्ली मिळत नाही, तीन दुकानं पालथी घातली. शेवटी बराच जवळचा मिळाला. कितीला, ते लिहीत नाही. लेपाच्या पट्ट्याही आहेत पुडक्यात, दादाच्या पाठीसाठी. त्याला सांगा, बहिणीने पत्रात त्याची चौकशी केली आहे.

तुम्ही म्हणता ते वाक्य मी दारात बोलले होते. आठवतं. माझ्या मैत्रिणी ऐकत होत्या आणि मला हाओरी फार आवडली होती.

ऑगस्टात येते. या वेळी मिसाओलाही आणते, आणि माझी बाही घेऊन येते. आई मधे बसेल, अंगात तो किमोनो. तिच्या एका हाताशी माझा तुकडा धरू, दुसऱ्या हाताशी तुमचा. एकदा तरी सगळा नजरेला पडेल.

आणि हो, माझ्या तुकड्यावर एकच सारस आहे. चिहारु म्हणते तुमच्यावर दोन आहेत. तिला वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलले नाही, पण तुम्ही नीट बघून कळवा. एक अर्धाच असेल तर तो धरत नाहीत.

लोभ असावा. दोघींचा सारखा असावा.

आपली
किनुए